गरीसाठी आमिष गोठवून ठेवताना: कोकण किनाऱ्यावर नव्याने गरवायला लागलेल्यांसाठी

गरवायला, म्हणजे गरी टाकून मासे पकडायला, नुकती सुरुवात केलेला माणूस सहसा गरी, तंगूस (गरीचा दोरा) आणि काठी यांवर पुष्कळ विचार करतो, पण आमिष मात्र निघायच्या दिवशी बाजारातून जे मिळेल ते उचलतो. कोकणात वर्षातले बरेच महिने हे चालूनही जाते, कारण सकाळी बंदरावर किंवा संध्याकाळी रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर) ताजी मासळी मिळते. अडचण येते ती पावसाळ्यात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, बाजारात येणारी मासळी कमी आणि महाग होते, आणि नेमक्या याच दिवसांत खाड्यांना गढूळ पाणी येऊन तांबोशी, शिंगाळा, जिताडा यांच्यासाठी गरवण्याचा खरा हंगाम सुरू होतो. ज्याने मे महिन्यात आमिष नीट साठवले, त्याला जूनमध्ये बाजाराकडे पाहावे लागत नाही.

आमिष गोठवणे म्हणजे मासे पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाकणे, असे मलाही सुरुवातीला वाटत असे. पहिल्या वर्षी मी दोन किलो पेडवे, म्हणजे छोटी तेलकट मासळी, साध्या प्लास्टिकच्या पिशवीतून, बर्फाशिवाय, दीड तासाच्या प्रवासानंतर घरी आणले आणि तसेच फ्रीझरमध्ये ठेवून दिले. महिन्याभराने आचऱ्याच्या खाडीवर ती पिशवी उघडली, तेव्हा आत वेगवेगळे मासे नव्हतेच. एक दगडासारखा गोळा होता. तो वितळून सुटेपर्यंत भरतीचा पहिला तास गेला, आणि सुटल्यावर हाती आले ते पोट फुटलेले, पिवळसर पडलेले मासे, जे गरीला लावून फेकताच हवेतच सुटून जात. त्या दिवशी खाडीत मासा होता. शेजारच्या माणसाला ताज्या कोलंबीवर तो मिळत होता.

पुढे मासे विकणाऱ्या एका मावशींनी मला जे सांगितले, ते मी आजही पाळतो. मी बांगडे निवडत असताना त्यांनी हाताने अडवले आणि म्हणाल्या, "हो कालचो बांगडो आसा. आज गरीक लावूक चलात, पण ठेवूक नको." या एका वाक्यात आमिष साठवण्याचे निम्मे शास्त्र आहे. फ्रीझर शिळ्या मासळीला ताजी करत नाही. आपण ती ज्या अवस्थेत आत ठेवतो, त्याच अवस्थेत, किंबहुना थोडी उतरलेलीच, ती बाहेर येते. म्हणून साठवण्यासाठी घ्यायची मासळी ही आज लावायच्या मासळीपेक्षाही ताजी असली पाहिजे.

काय साठवावे आणि काय साठवू नये

नवख्याने सुरुवातीला तीनच प्रकार साठवावेत असे माझे मत आहे: म्हाकूल (स्क्विड), कोलंबी, आणि पेडवे-तारली किंवा बांगडा यांपैकी एक. म्हाकूल सर्वांत सोपे. त्याचे मांस चिवट असते, गोठून सुटल्यावरही ते फारसे मऊ पडत नाही, आणि गरीवर घट्ट बसते; छोट्या माशांनी टोचून टोचून खाल्ले तरी काहीतरी शिल्लक राहते. कोलंबी, म्हणजे आपली सुंगटे, खाडीतल्या जवळजवळ प्रत्येक माशाला चालते, पण ती नाजूक असते. पेडवे आणि तारली तेलकट असल्याने त्यांचा वास पाण्यात दूरवर पसरतो. मात्र हेच तेल साठवणुकीत त्यांच्या मुळावर येते, कारण फ्रीझरमध्येही हवेच्या संपर्काने ते खवट होत राहते.

चौथा प्रकार हाताला लागला तर सोडू नये, तो म्हणजे बोय. खाडीत पाग (हाताने फेकायचे जाळे) टाकणारा कोणी ओळखीचा असेल, तर त्याच्याकडून वीतभर लांबीची बोय घ्यावी. तिच्या पोटाकडची चंदेरी कातडी मजबूत असते, आणि तिची लांब पट्टी पाण्यात हलते तेव्हा जिवंत मासळीसारखी चमकते. तांबोशीसाठी माझी पहिली पसंती तीच असते.

कालवे आणि मुळे या शिंपल्यांचे मांस साठवता येते, पण ते फार मऊ असल्याने गरीला दोऱ्याने बांधावेच लागते. चिखलातले किडे मात्र गोठवू नयेत. सुटल्यावर त्यांचे नुसते पाणी होते. ते ज्या दिवशी काढले त्याच दिवशी वापरावेत.

खरेदी आणि घरापर्यंतचा प्रवास

मासळी निवडताना डोळा फुगीर आणि स्वच्छ आहे का, कल्ला उचलल्यावर आत लालभडक दिसतो का, हे सगळेच पाहतात. आमिषासाठी त्याहून महत्त्वाची जागा म्हणजे पोट. पेडव्याचे पोट अंगठ्याने हलके दाबावे. बोट उचलताच ते परत वर आले पाहिजे. खळगा राहिला किंवा मागच्या भोकातून पाणी आले, तर तो मासा घेऊ नये. पेडवे आणि तारली भरल्या पोटी पकडली गेली असतील, तर त्यांच्या पोटातले पाचक रस मेल्यानंतरही काम करत राहतात आणि आतून पोटाची भिंतच विरघळवतात. असा मासा वरून चकचकीत दिसला तरी काही तासांत फुटतो.

कोलंबीचे डोके आणि धड यांच्या सांध्याकडे पाहावे. तिथे काळसर छटा दिसू लागली असेल, किंवा डोके सैल लोंबत असेल, तर ती खाण्याला चालेल, साठवायला नाही. म्हाकूल पांढरे किंवा अर्धपारदर्शक असावे आणि वरच्या कातडीवरचे जांभळे-तपकिरी ठिपके स्पष्ट असावेत. मांस गुलाबी पडू लागले की ते उतरणीला लागले असे समजावे.

बाजारात जातानाच थर्माकोलचा डबा बरोबर न्यावा आणि बर्फाच्या कारखान्यातून किंवा बंदरावरून बर्फाचा चुरा घ्यावा. जितके वजन मासळीचे, जवळपास तितकेच बर्फाचे, हा कोकणातल्या उन्हाळ्यात सांभाळायचा हिशेब आहे. त्यातही उत्तम म्हणजे डब्यात बर्फाचा चुरा आणि स्वच्छ समुद्राचे पाणी एकत्र करून मासे त्यात बुडवावेत. नुसत्या बर्फात मासा फक्त जिथे बर्फ टेकतो तिथे गार होतो. खाऱ्या बर्फाळ पाण्यात तो चारही बाजूंनी आणि फार लवकर गार होतो, शिवाय मिठामुळे हे पाणी शून्य अंशाच्याही किंचित खाली जाते. पाणी बंदराच्या धक्क्याजवळचे घेऊ नये. तिथे तेलाचा तवंग असतो आणि तो वास आमिषाला कायमचा लागतो.

घरी आल्यावर मासळी नळाखाली धुवायची आपली सवय आवरावी. गोड्या पाण्यात समुद्री मासळीचे मांस पाणी शोषून फुगते, रंग फिका पडतो, आणि ज्या वासावर आपली भिस्त असते तो वाहून जातो. धुणे आवश्यकच असेल, तर एक लिटर गार पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवावे. समुद्राचा खारेपणा साधारण तेवढाच असतो. त्यात बुचकळून काढावे, भिजत ठेवू नये.

मीठ लावणे: हीच खरी पायरी

पुष्कळ जण ही पायरी गाळतात आणि मग फ्रीझरला दोष देतात. मासळीच्या मांसात निम्म्याहून कितीतरी जास्त पाणी असते. हे पाणी गोठताना त्याचे बर्फाचे कण होतात; गोठणे जितके सावकाश, तितके कण मोठे, आणि मोठे कण मांसाच्या पेशी फाडतात. सुटल्यावर त्या फाटलेल्या पेशींतून पाणी गळते आणि मांस लिबलिबीत होते. मीठ दोन कामे करते. ते मांसातले जादा पाणी आधीच ओढून घेते, आणि उरलेल्या पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते. त्यामुळे मीठ लावलेले आमिष घरच्या फ्रीझरमध्ये दगडासारखे होत नाही. पिशवीतून काढले की एकेक तुकडा सुटा होतो आणि मांस गरीवर घट्ट धरते.

मीठ जाडेच घ्यावे. बारीक मीठ लगेच विरघळून वरच्या थराला जाळल्यासारखे कडक करते आणि आत पोचत नाही. आमच्याकडे शिरोड्याच्या मिठागरांचे खडे मीठ मिळते. ज्या मिठागरांवर १९३० साली सत्याग्रह झाला, त्याच गावाचे हे मीठ थोडे करडे आणि ओलसर असते आणि या कामाला फार चांगले. मिळेल तिथले कोणतेही जाडे मीठ चालेल.

पेडवे किंवा तारली अख्खीच ठेवावी. खवले काढू नयेत, पोट साफ करू नये. पसरट भांड्यात तळाला मिठाचा थर, त्यावर एकमेकांना न चिकटणारी माशांची एक ओळ, पुन्हा मीठ, असे थर लावावेत. एक किलो माशांना पाव किलो मीठ पुरते. भांडे एका बाजूने उंच करून फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नव्हे, ठेवावे, म्हणजे सुटलेले पाणी खालच्या कडेला साचते आणि मासे त्यात भिजत नाहीत. तीन-चार तासांनी ते लालसर पाणी ओतून टाकावे, मासे उलटावेत, आणि रात्रभर तसेच ठेवावेत. सकाळी एक मासा शेपटीला धरून आडवा उचलावा. आदल्या दिवशी तो ओल्या फडक्यासारखा लोंबत असे. आता तो किंचित वाकून ताठ राहिला पाहिजे, आणि कातडीला बोट लावल्यास चामड्यासारखा स्पर्श जाणवला पाहिजे. इतके झाले की जादा मीठ झटकून मासे कोरड्या कापडावर टिपून घ्यावेत. याहून जास्त दिवस मिठात ठेवले तर ते खारवलेल्या मासळीसारखे कडक होतात, वास मरतो, आणि मासा तोंड लावून सोडून देतो.

बांगडा अख्खा ठेवण्यापेक्षा त्याच्या पट्ट्या करून ठेवाव्यात. त्यासाठी बांगडा तास-दीड तास फ्रीझरमध्ये ठेवून अर्धवट कडक होऊ द्यावा. तसा बांगडा सुरीखाली सरकत नाही आणि मांस फाटत नाही. डोक्यामागून काट्यालगत शेपटीपर्यंत एकेका बाजूचा लांब तुकडा काढावा, आणि तो तिरप्या कापांनी बोटभर रुंदीच्या पट्ट्यांत विभागावा. प्रत्येक पट्टीला कातडी राहिलीच पाहिजे, कारण गरी कातडीतून गेली तरच पट्टी टिकते. या पट्ट्यांना रात्रभर नव्हे, फक्त दोन-तीन तास मीठ पुरते. आतडी पट्ट्यांबरोबर कधीही ठेवू नयेत. त्यांतले रस गोठेपर्यंतच्या वेळातही मांस बिघडवतात. डोकी वेगळी ठेवावीत, त्यांचा उपयोग पुढे सांगतो.

कोलंबीसाठी वेगळा विचार हवा. तिच्या डोक्यातच पचनाचे अवयव असतात. ते डोके जागेवर ठेवून साठवली तर धड पहिल्या दोन कड्यांपासून मऊ पडत जाते. शिवाय हवेच्या संपर्काने सालाखाली काळे डाग येतात. काळी पडलेली कोलंबी मासा खात नाही असे नाही, पण ती गरीवर टिकत नाही. म्हणून पंधरा दिवसांच्या आत वापरायची असेल तरच डोक्यासकट ठेवावी. अन्यथा डोके पिरगळून काढावे, साल मात्र राहू द्यावे. सालामुळे मांस सुकत नाही आणि गरवताना वाटल्यास ते तिथेच सोलता येते. मीठ मुठीने नव्हे, चिमटीने, नुसते भुरभुरावे, तास-दीड तास फ्रिजमध्ये निथळत ठेवावे, आणि टिपून घ्यावे. कोलंबीला जास्त मीठ लावले की ती आक्रसून रबरासारखी होते.

म्हाकुलाचे डोके हलके ओढून आतल्या भागासकट काढावे, शाईची पिशवी फुटू देऊ नये, आणि पाठीतली पारदर्शक पट्टी ओढून काढावी. नळी उभी चिरून सपाट पसरावी आणि तिच्या सहा ते आठ सेंटिमीटर लांब, एक टोक रुंद नि दुसरे निमुळते अशा पट्ट्या कापाव्यात. वरची ठिपक्यांची कातडी मी काढत नाही. खाण्यासाठी ती काढतात, पण तिच्यात वास असतो. सोंडा वेगळ्या बांधून ठेवाव्यात. गोबऱ्यासारख्या खडकात राहणाऱ्या माशाला सोंडांचा जुडगा पट्टीपेक्षा जास्त भावतो असा माझा अनुभव आहे. म्हाकुलाला मीठ लावले नाही तरी चालते.

बोयीच्या बांगड्याप्रमाणेच पट्ट्या करून मीठ लावावे, किंवा ती मीठ न लावता अख्खी ठेवावी. कालवे-मुळ्यांच्या मांसाला चमचाभर मीठ चोळून, चाळणीवर अर्धा तास निथळून, अगदी छोट्या डब्यांत भरावे.

गोठवणे

मांसातल्या पाण्याचा मोठा भाग उणे एक ते उणे पाच अंश सेल्सियसच्या टप्प्यात गोठतो. हा टप्पा जितक्या लवकर ओलांडला जाईल तितके बर्फाचे कण बारीक राहतात आणि मांस टिकते. कारखान्यांत यासाठी फार थंड हवेचा झोत वापरतात. घरी आपल्याला इतकेच करता येते की एका वेळी थोडे, सपाट आणि आधीच गार केलेले आमिष आत ठेवायचे. दोन किलोचा गोळा आतपर्यंत गोठायला रात्र उलटून जाते. बोटभर जाडीचा थर काही तासांत गोठतो.

स्टीलच्या ताटावर प्लास्टिकचा कागद घालावा, त्यावर पट्ट्या किंवा मासे एकमेकांना न टेकता मांडावेत, आणि ताट फ्रीझरच्या तळाला, थेट थंड पृष्ठभागावर ठेवावे. धातूचे ताट थंडी लवकर पोचवते; थर्माकोल किंवा जाड प्लास्टिकच्या ट्रेवर ठेवले तर तेच ऊब धरून ठेवतात. चार ते सहा तासांनी सगळे सुटे गोठलेले असते. मगच पिशव्यांत भरावे.

फ्रीझर लहान असेल किंवा एकदम बरेच आमिष हाती आले असेल, तर बर्फ आणि मिठाचे मिश्रण कामाला येते. तीन भाग बर्फाचा बारीक चुरा आणि एक भाग जाडे मीठ घट्ट मिसळले, तर ते मिश्रण उणे वीस अंशांच्या आसपास उतरू शकते. थर्माकोलच्या डब्यात, झाकण लावून, घरच्या फ्रीझरपेक्षा ते लवकर गोठवते. आमिष आधी पिशव्यांत सपाट भरून, तोंड पक्के बंद करून, मगच त्या मिश्रणात पुरावे. उघड्या हाताने हे मिश्रण ढवळू नये. कातडी भाजल्यासारखी होते.

मीठ न लावलेल्या अख्ख्या माशांना, विशेषतः बोयीला, आणखी एक संरक्षण देता येते. मासा पूर्ण गोठल्यावर तो बर्फाच्या गार पाण्यात दोन सेकंद बुडवून लगेच परत ताटावर ठेवावा. त्याच्या अंगावर काचेसारखा पातळ बर्फ चढतो. हे दोनदा केले की हवा मांसापर्यंत पोचत नाही आणि कडा सुकून पांढऱ्या पडत नाहीत. मीठ लावलेल्या आमिषावर हा थर नीट धरत नाही, त्यामुळे तिथे हा खटाटोप करू नये.

पिशव्या भरणे

एका पिशवीत एका फेरीचे आमिष, हा नियम मोडू नये. तीन-चार तास एकट्याने गरवायला पाव किलो सहसा पुरते. बरोबर लहान भाऊ किंवा मुलगा येत असेल तर दोन पिशव्या न्याव्यात, पण मोठी एक पिशवी करू नये. उरलेले पुन्हा गोठवण्याचा मोह त्यातूनच होतो.

पिशवी भरण्याआधीच तिच्यावर न पुसणाऱ्या शाईच्या पेनाने प्रकार, तारीख आणि मीठ लावले की नाही, हे लिहावे. भरल्यावर पिशवी ओली आणि गार होते व शाई धरत नाही. मग चिकटवलेला कागदही गळून पडतो, आणि जुलैत हातात येणारी पिशवी एप्रिलची की गेल्या दिवाळीतली हे कळायला मार्ग उरत नाही.

हवा काढण्यासाठी यंत्र असेल तर उत्तमच. नसेल, तर झिपची पिशवी भरून तोंडाचा एक कोपरा उघडा ठेवावा आणि पिशवी बादलीतल्या पाण्यात हळूहळू बुडवावी. पाण्याचा दाब चारही बाजूंनी हवा वर ढकलतो. तोंड पाण्याच्या पातळीशी आले की कोपरा बंद करावा. तेलकट मासळीसाठी, म्हणजे पेडवे, तारली आणि बांगडा यांच्यासाठी, ही कृती टाळू नये. पिशव्या सपाट ठेवून एकावर एक रचाव्यात. सपाट पिशवी लवकर सुटते, आणि घाईच्या वेळी तिचा अर्धा भाग मोडूनही घेता येतो.

घरातला फ्रीझर, वीज आणि मुदत

आमिष उणे १८ अंश किंवा त्याखाली राहिले पाहिजे. फ्रिजच्या वरच्या कप्प्यातला लहान बर्फाचा खण त्याहून उबदार असतो आणि दिवसातून वीसदा उघडला जातो. तिथे दोन-तीन आठवड्यांहून जास्त ठेवू नये. वेगळा डीप फ्रीझर असेल तर साधारण मुदती अशा धराव्यात: पेडवे, तारली आणि बांगडा दोन ते तीन महिने, कालवे-मुळे दोन महिने, बोय चार महिने, कोलंबी चार ते पाच, आणि म्हाकूल सहा महिन्यांपेक्षाही थोडे जास्त. यावरून खरेदीचे वेळापत्रकही ठरते. पावसाळा संपल्यावर तारली-बांगडा कितीही स्वस्त मिळाला, तरी तो पुढच्या जूनसाठी साठवण्यात अर्थ नाही. तो हिवाळ्यात वापरून संपवावा. जून-जुलैसाठीचे तेलकट आमिष एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्येच भरावे, आणि म्हाकूल मात्र हंगामात चांगले मिळेल तेव्हा केव्हाही घ्यावे.

घरच्यांच्या खाण्याच्या वस्तू त्याच फ्रीझरमध्ये असतील, तर आमिषासाठी झाकणाचा स्वतंत्र डबा ठेवावा आणि तो तळाशी ठेवावा. सुरी, पाट, चाळण ही सगळी या कामासाठी वेगळीच असावीत. श्रावण पाळणाऱ्या घरात हा प्रश्न केवळ स्वच्छतेचा नसतो, आणि घरातल्या ज्येष्ठांना आधी विचारून जागा ठरवलेली बरी. डब्यावर "आमिष, खाण्यासाठी नाही" असे ठळक लिहावे. याचे एक गंभीर कारण आहे. बांगड्यासारखी मासळी उबेत थोडा वेळ राहिली, तर तिच्यात हिस्टामिन तयार होते. त्याने अंगावर लाली, डोकेदुखी, उलट्या असा त्रास होतो, आणि ते शिजवण्याने किंवा गोठवण्याने नाहीसे होत नाही. म्हणून आमिषाच्या डब्यातला बांगडा, तो कितीही चांगला दिसला, तरी कोणी कालवणात घालू नये.

कोकणात पावसाळ्यात वीज जाणे नवीन नाही. गच्च भरलेला डीप फ्रीझर झाकण न उघडता सुमारे ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला साधारण २४ तास. म्हणून रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवाव्यात. त्या थंडी धरतात आणि गरवायला जाताना डब्यातही उपयोगी पडतात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानंतर आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. दुसऱ्या दिवशी काय झाले आहे ते पाहण्यासाठी मी झाकण उघडले, आणि ती माझी चूक ठरली; आतली थंडी गेली आणि तिसऱ्या दिवशी पेडव्यांच्या पिशव्यांतून तांबूस पाणी गळू लागले. त्या वेळी वाचली ती मीठ लावलेली बोय आणि म्हाकूल. मी ती बाहेर काढून आणखी जाड मिठात पुरली आणि वीज आल्यावर वापरली. तेव्हापासून दोन किलो जाडे मीठ मी फ्रीझरशेजारी कायम ठेवतो.

आमिष सुटून गेले आहे पण अजून बर्फासारखे गार आहे, आणि वास स्वच्छ आहे, तर ते मिठात टाकून दोन-तीन दिवसांत वापरावे. कोमट लागले किंवा आंबूस वास आला, तर टाकून द्यावे.

गरवायच्या दिवशी

भरतीची वेळ पाहून, निघण्याआधी तासभर पिशवी फ्रीझरमधून काढून थर्माकोलच्या डब्यात, गोठवलेल्या बाटलीशेजारी ठेवावी. पाण्यात टाकून किंवा उन्हात ठेवून आमिष सोडवू नये. बाहेरून शिजल्यासारखे आणि आतून गोठलेले, असे ते होते. मीठ लावलेल्या पट्ट्या बहुधा लगेच वापरता येतात. अख्खा पेडवा अर्धवट गोठलेला असतानाच गरीला लावावा, कारण त्या अवस्थेत तो फेकताना सुटत नाही आणि पाण्यात पडल्यावर काही मिनिटांत मऊ होतो. मऊ आमिषाला शिलाईच्या पांढऱ्या दोऱ्याचे सात-आठ वेढे सैलसर द्यावेत. गाठ मारण्याची गरज नसते, दोरा ओला होऊन स्वतःच बसतो.

एका वेळी दोन-तीन तुकडेच बाहेर काढावेत आणि बाकीचा डबा झाकून, ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवावा. कातळावर दुपारच्या उन्हात उघडे पडलेले आमिष वीस मिनिटांत माश्या बसण्याजोगे होते.

बांगड्याची जी डोकी वेगळी ठेवली होती, ती गोठलेलीच ठेचून, जाळीच्या पिशवीत घालून, गरी पडते तिथे दोरीने सोडावीत. ती हळूहळू सुटत जातात आणि त्यांचा वास ओहोटीबरोबर खाली जातो, मासा त्या वासामागे वर येतो.

उरलेले आमिष दुसऱ्यांदा गोठवू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे असेल तर ते भरपूर मिठात घालून फ्रिजमध्ये ठेवावे. नसेल तर कुर्ल्यांच्या जाळीला बांधण्यासाठी कोणाला तरी द्यावे. जवळपास कोलंबी संवर्धनाची तळी असतील, तर तिथल्या पाण्यात किंवा तळ्यांना पाणी घेतात त्या ओहोळात आमिष, त्याचे धुवण किंवा कोलंबीची साले अजिबात टाकू नयेत. कोलंबीला होणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा विषाणू गोठवल्याने मरत नाही, आणि बाजारातून आणलेली कोलंबी कुठल्या तळ्यातली आहे हे आपल्याला माहीत नसते. एखाद्या शेतकऱ्याचा सगळा हंगाम त्यात जाऊ शकतो. रिकाम्या पिशव्या आणि दोऱ्याचे तुकडे डब्यात भरून घरी आणावेत, पिशव्या मिठाच्या पाण्याने धुऊन वाळवाव्यात. चांगल्या झिपची पिशवी तीन-चार वेळा सहज वापरता येते, फक्त जुनी तारीख खोडून नवी लिहायला विसरू नये.